अक्काचा डावा तळहात

अक्का, तुझा मानेचा पट्टा अजून खुंटीवरच आहे. आतल्या बाजूने तो घामाने पिवळा पडला आहे आणि बंदाचं भोक तुझ्या मापाला ताणलेलं आहे. खानावळीत तुझ्या हाताखाली राबणारी निंगव्वा रोज सकाळी त्या खुंटीखाली झाडते, पट्ट्याला हात लावत नाही. मीही लावत नाही. खानावळीतली माणसं परत जेवायला येऊ लागली आहेत. ती हळू बोलतात, आणि निंगव्वा भाकरी वाढायला आली की ताटाकडे बघतात. भाकरी चांगली होते. तूच तिला शिकवलीस. पण चांगली झाली असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही.

तुझं माहेर कुठलं, लग्न कधी झालं, कपाळ किती लवकर पांढरं झालं, हे समाजाच्या मासिकात कुणीतरी छापेल. मला त्यातलं काही लिहायचं नाही. मला तुझ्या डाव्या तळहाताबद्दल लिहायचं आहे. त्याच्याबद्दल आपण वर्षभर बोललो आणि तरी बोलायचं राहूनच गेलं.

वाचणाऱ्यांत आपल्या समाजाबाहेरची माणसंही असतील, म्हणून एवढं सांगतो. आपल्यात इष्टलिंग गळ्यात असतं. लहानपणी बांधतात, ते मातीत जाईपर्यंत अंगावेगळं करायचं नसतं. रोज अंघोळ झाली की ते चांदीच्या डबीतून काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, तळहात छातीसमोर धरायचा, भस्म लावायचं, बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. मगच अन्न. तू त्याला नुसतं ‘देव’ म्हणायचीस. देवळातल्या देवाला मात्र नावाने हाक मारायचीस, जसा तो शेजारी राहणारा कुणी असावा.

आई गेली तेव्हा मी, तुझा तम्मा, धाकटा भाऊ, लहान होतो. तू सासरहून पांढऱ्या कपाळाने परत आलीस आणि पुढच्या खोलीत खानावळ घातलीस. माझं सगळं शिक्षण त्या चुलीच्या धुरात झालं. तू भाकरी थापायचीस तेव्हा उजवा हात थापायचा आणि डावा ती फिरवायचा. भाकरी गोल होते ती फिरवणाऱ्या हाताने, असं तू निंगव्वाला सांगायचीस. मी पलीकडे पुस्तक घेऊन बसलेला असायचो. ती थापण्याची लय ऐकत वाचण्याची मला इतकी सवय झाली की कॉलेजच्या शांत वाचनालयात माझं मन लागायचं नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

मग दुष्काळ पडला आणि रेशनवर ती परदेशी लाल ज्वारी, मिलो, आली. तिच्या पिठाला चिकटपणा असा नव्हताच. सोलापुरातल्या सगळ्या घरांत भाकऱ्या तुटत होत्या, तशा तुझ्याही तुटू लागल्या. कडांना चिरा, मध्ये भोकं, आकार वेडावाकडा. गिरणीतले एक कारकून तुझ्याकडे जेवायचे, त्यांनी एकदा भाकरी उचलून धरली आणि विचारलं, “अक्का, हा नकाशा महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा?”

“पोटात गेला की एकच राज्य हाय,” तू म्हणालीस. “खा गुमान.”

सगळे हसले. मीही हसलो. तुझ्या हातातून तांब्या निसटायचा तेव्हा तू म्हणायचीस, पोटात नीट अन्न नाही, हाताला जोर कुठून येणार. पोलक्याची बटणं लावायला तुला वेळ लागू लागला, तेव्हा म्हणालीस बटणं लहान आलीत. वर्षभर आपण सगळ्याचा दोष त्या लाल धान्याला दिला. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या वर्षी, फिरवणारा हात अडखळतो आहे हे कुणाच्या तरी आधी लक्षात आलं असतं. आपल्याकडे त्या वर्षी प्रत्येक बाईचा हात अडखळत होता.

पाऊस झाला, आणि पुढच्या सुगीला मंगळवेढ्याकडची पांढरी ज्वारी परत आली. तू पीठ हातात घेऊन वास घेतलास. परातीत गोळा मळलास. निंगव्वा, मी आणि ते कारकून, सगळे मुद्दाम चुलीजवळ उभे होतो, सणासारखे. भाकरी थापता थापता मधोमध फाटली. तू दुसरी घेतलीस, तीही फाटली. मग तू पिठाचा डावा हात उलटा करून बराच वेळ बघितलास.

“पीठ न्हाई रे तम्मा,” तू म्हणालीस. “हातच मिलो झालाय माझा.”

त्यानंतर तू एकेक सांगू लागलीस. मान खाली घातली की पाठीतून वीज उतरते. रस्त्यात पाय कापसावर पडल्यागत पडतात. मानेपासून दंडापर्यंत असं दुखतं की उशीला डोकं टेकवत नाही. हे सगळं तू मिलोखाली झाकून ठेवलं होतंस. आपल्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, पट्टा दिला आणि वजनं लावायला सांगितली. कॉटच्या डोक्याशी कप्पी लावली, हनुवटीखालून पट्टी घेतली, पलीकडे वाळूची पिशवी टांगली. तू छताकडे बघत पडायचीस आणि म्हणायचीस, “मोट बांधल्यागत बांधलंय मला. पाणी कवा येतंय बघा.” जेवणारे म्हणायचे, अक्का आता कलेक्टरीणबाई झाल्या, मान वळवून बघत नाहीत. तू नुसत्या खांद्यांनी हसायचीस, मान न हलवता. ते हसणं मला अजून दिसतं.

तुझी पूजा मात्र चालू होती. पट्ट्याच्या वरून देवाचा दोरा. आपला जुना वादही चालू होता. मी कॉलेजात असताना गळ्यातलं काढून तुझ्या देवघरात ठेवलं, ते परत बांधलं नाही. तू रागावली नाहीस, पण टोचायचं कधी सोडलं नाहीस. एकदा कॉटवरून म्हणालीस, “माझ्या गळ्यात दोन हायत, तुझ्या गळ्यात एकबी न्हाई. वाटून घेऊ की.”

“पट्टा दे,” मी म्हणालो.

“तेवढाच घेशील हे ठाऊक हाय मला.”

पट्ट्याने भागलं नाही तेव्हा पुण्याला गेलो; तिथल्या मोठ्या इस्पितळातले सर्जन मला आवडले होते. वयस्क होते, शांत बोलायचे. त्यांनी तुला मुठी उघडमीट करायला लावल्या, टेबलावरचं नाणं उचलायला लावलं, सरळ रेषेत चालायला लावलं. पाठीत औषध सोडून फोटो काढले. मग समोर बसवून सांगितलं की मानेचे मणके झिजून आतल्या मज्जारज्जूवर दाब आला आहे, तो मागून उघडून काढता येईल. “दुखणं कमी होईल. पुढचं बिघडणं बहुतेक थांबेल. गेलेलं परत येईल, असं मी म्हणत नाही.”

तू विचारलंस, “तळहातावर वाटी धरली तर हलणार न्हाई ना?”

त्यांना वाटीचं काही कळलं नाही. ते म्हणाले, “हाताचं बघू.”

आपण बाहेर आलो. त्यांच्या सगळ्या बोलण्यातला तो एकच शब्द आपण बरोबर आणला होता. बघू. येताना रिक्षात तू तो दोनदा म्हणालीस, जसं काही त्यांनी वचन दिलं होतं. त्यांनी दिलं नव्हतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि तुलाही असावं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरने गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं. तू नाही म्हणालीस. आवाज चढवला नाहीस, नुसती नाही म्हणालीस, आणि स्ट्रेचर दारात अडून राहिलं. मी मध्ये पडायचं म्हणून पुढे झालो तर तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “तू बोलू नकोस. तुझा गळा मोकळा हाय.” शेवटी सर्जन स्वतः आले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “मला मान हवी आहे. हात त्यांचा त्यांच्याकडे राहू दे.” मग सिस्टरने देव तुझ्या डाव्या तळहातावर ठेवला, मूठ मिटली आणि वरून बँडेज गुंडाळलं. तू आत गेलीस ती मुठीकडे बघत.

शुद्धीवर आल्यावर तू पहिलं विचारलंस, “हाय का हातात?”

“आहे.”

“मला लागंना झालाय.”

मी सिस्टरला म्हणालो, बँडेज फार आवळलंय, हात बधिर झालाय. तिने सैल केलं. तू परत म्हणालीस, लागत नाही. आम्ही आणखी सैल केलं. असं ते बँडेज सैल होत होत शेवटी सुटूनच गेलं. देव तुझ्या उघड्या तळहातावर होता, तू त्याच्याकडे बघत होतीस, आणि तो तिथे आहे हे तुला फक्त डोळ्यांनी कळत होतं.

आपण सोलापूरला आलो तेव्हा सगळी गल्ली बघायला आली. अक्का बरी झाली. खरंच झाली होतीस. दुखणं गेलं होतं. तू रात्रभर झोपत होतीस. पट्टा घालून, काठी घेऊन सिद्धेश्वराच्या तळ्यापर्यंत जाऊन येत होतीस. पुन्हा पुण्याला दाखवायला गेलो तेव्हा सर्जनांनी विचारलं, झोप येते का, चालता येतं का, लघवी नीट होते का, दुखतं का. सगळ्या प्रश्नांची तुझी उत्तरं चांगली होती. तेही खूश झाले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू काठीने माझा पाय दाबलास. बाहेर आल्यावर म्हणालीस, “भला माणूस हाय. त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं? त्यानं मानंचं काम केलं की.”

मी शाळेत मुलांना शिकवतो ते सगळं कारण आणि परिणाम यांच्या भाषेत. तुझं आजारपण मी त्या भाषेत मांडायला बघितलं आहे. ऑपरेशन चुकलं का? नाही. केलं नसतं तर? तर तू वेदनेने ओरडत आणि अंथरुणाला खिळून गेली असतीस. वर्षभर आधी केलं असतं तर? कदाचित. पण त्या ‘कदाचित’वर बसायला मला जागा सापडत नाही. एवढंच कळतं की ऑपरेशनच्या आधी तुला दुखत होतं आणि पूजा होत होती. नंतर दुखणं गेलं आणि पूजा जाऊ लागली. यातलं कुठलं आयुष्य बरं, हे मी तुला विचारलं नाही. तू पहिलंच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

देव पहिल्यांदा पडला तेव्हा मी आत पेपर तपासत होतो. शहाबादी फरशीवर लहानसा आवाज झाला, सुपारी पडावी तसा. मी आलो तर तू तशीच बसली होतीस, हात छातीसमोर, रिकामा. त्या दिवशी तू जेवली नाहीस. मग तो परत पडला, आणि परत. नजर हलली की हात कलायचा. ज्या दिवशी पडला त्या दिवशी अन्न नाही. निंगव्वा ताट झाकून ठेवायची आणि संध्याकाळी गाईला घालायची. आधीच हडकुळी होतीस, पट्ट्याला आणखी एक भोक पाडावं लागलं.

मी जंगमस्वामींना बोलावून आणलं. तुला दीक्षा त्यांच्याच वडिलांनी दिलेली. ते तुझ्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “पडला तर उचलायचा, धुवायचा, भस्म लावायचं. छातीवर राहू द्या, मनात पूजा करा, चालतंय. देव काय काचेचा हाय का, अक्का?”

“देव न्हाई, स्वामी,” तू म्हणालीस. “मी हाय काचेची.”

ते गेल्यावर मी म्हणालो, मी खाली हात धरतो. तू बेलाची पानं पुढे ओढलीस. मग विचारलंस, “तुझ्या गळ्यात देव कुटाय?”

“गळ्यात नाही. पण हात तुझ्याच भाकरीवर वाढलाय.”

तू बराच वेळ बेलाची पानं निवडत राहिलीस. “धर,” शेवटी म्हणालीस. “पण माझ्या हाताला लावू नको. पडला तरच झेल.”

तेव्हापासून शाळेआधी मी रोज तुझ्यासमोर बसायचो आणि तुझ्या तळहाताखाली माझा धरायचो, मध्ये चार बोटांचं अंतर ठेवून. तू देवाकडे बघायचीस, मी तुझ्या हाताकडे. आपण आयुष्यात एवढा वेळ समोरासमोर कधी बसलो नव्हतो. तुझ्या मनगटावर तव्याचे जुने डाग होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसले. ते दिवस मला मिळाले, एवढंच मी कुणाचे तरी आभार मानून म्हणू शकतो. कुणाचे ते ठाऊक नाही.

मग एका सकाळी तो पडला आणि माझ्या तळहातात आला. मी उचलून तुला द्यायला लागलो तर तू म्हणालीस, “राहू दे. थोडा तितंच राहू दे.” तू माझ्या हातावरच भस्म लावलंस, पान वाहिलंस. मला वाटलं आता काहीतरी होईल माझ्या आत. काही झालं नाही. तो फक्त गार होता. अंघोळीच्या पाण्याने गार झालेला लहानसा दगड. आणि तेवढ्यात मला कळलं की हे गारपण तुला महिनोन्‌महिने कळलेलं नाही. मी देव न मानणारा माणूस, माझ्या हाताला तो लागत होता. तुझ्या हाताला लागत नव्हता. त्या दिवशी तू पोटभर जेवलीस, दोन भाकऱ्या, शेंगाचटणी मागून घेतलीस. निंगव्वाने मला डोळ्यांनीच शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी मी बसलो तर तू हात पुढे केला नाहीस.

“कालची पूजा तुझी झाली, तम्मा. माझी न्हाई.”

मी वाद घातला. जेवढं वाचलं होतं तेवढं सगळं काढलं. म्हणालो, ज्यांनी हा धर्म सांगितला त्यांनी माणसाला उपाशी राहायला सांगितलेलं नाही. म्हणालो, देवघरातलं माझं काढ, आजच बांधतो. तू माझ्याकडे मायेनेच बघितलंस, पण मान हलवलीस ती नाहीच अशी. पट्ट्यामुळे तेवढं हलवायलाही तुला सबंध अंग वळवावं लागलं. “माझ्यासाठी बांधशील. त्याच्यासाठी न्हाई. त्यो काय खुळा हाय का?”

मला अजून तुझं पटत नाही, अक्का. तू गेलीस म्हणून पटलं असं लिहिणं खोटं होईल. तुझ्या जागी मी असतो तर जेवलो असतो. पण तुझ्या जागी मी कधीच नव्हतो, आणि आता वाद घालायला समोर कुणी नाही.

नंतर तू एक वेळ दुधावर राहिलीस, तेही माझ्यासाठी. उन्हाळ्यात ताप आला, छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले अंगात काही राहिलेलंच नाही, औषध कशाला धरून काम करणार. शेवटच्या सकाळी तू माझा हात तुझ्या छातीवरच्या डबीवर ठेवलास. तुला काही म्हणायचं होतं की नुसता हात हवा होता, मला कळलं नाही. मी विचारायला वाकलो तोवर तू डोळे मिटले होतेस.

आपल्या रीतीप्रमाणे तुला भिंतीशी बसवलं, मांडी घालून. मान पुढे पडत होती. निंगव्वा धावत जाऊन पट्टा घेऊन आली. “हा घाला की, स्वामी. हिच्या मापाचा हाय.” स्वामींनी तो हळूच तिच्या हातात परत दिला आणि पांढऱ्या कापडाची पट्टी कपाळावरून घेऊन मागच्या खुंटीला बांधली. त्याच खुंटीवर आता पट्टा आहे.

रुद्रभूमीत तुला खड्ड्यात बसवल्यावर स्वामींनी तुझ्या गळ्यातली डबी उघडली. तुझा डावा हात छातीसमोर आणला, बोटं सरळ केली. मी शेजारी गुडघ्यावर होतो. त्यांनी देव तुझ्या तळहातावर ठेवला, भस्म घातलं, बेलाचं पान ठेवलं, आणि थांबले. सगळे थांबले. ते माझ्याकडे बघत होते. मग मला दिसलं की माझा हात तुझ्या हाताखाली गेला होता, चार बोटांचं अंतर ठेवून.

“काढा हात, सर,” स्वामी म्हणाले. “आता पडत न्हाई.”

मी काढला. तो पडला नाही.